बाबांची ई-क्लास : ठेवावी की काढून टाकावी?

निळीछत्री

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांतले जाणकार बरेच आहेत आणि आईवडिलांमागे कागदपत्रं निस्तरलेलेही आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

बाबा जाऊन दोन महिने होत आले. त्यांच्या नावावर मर्सिडीज ई २५० सीडीआय आहे. २०१४ची, डिझेल, एमएच १२ पासिंग. बाबांनी ती २०१८ साली सेकंड हँड घेतली, म्हणजे आरसीवर (नोंदणीपत्रावर) ते दुसरे मालक. किलोमीटर ऐंशी हजारांच्या आसपास. बाबा बांधकामाचे ठेकेदार होते. उभा जन्म साइटवर जीप आणि पिकअप चालवण्यात गेला. काम मुलांवर न टाकता व्यवस्थित बंद केलं आणि मग ही गाडी घेतली. नवी घेण्याइतके पैसे होते, पण "पहिल्या मालकाने घसारा भरलाय, आपण फक्त गाडी वापरायची" असं त्यांचं म्हणणं होतं. कोल्हापूर, गाणगापूर, गोवा सगळं तिच्यातून केलं. सर्व्हिसची एकूणएक बिलं फाइलला लावलेली आहेत.

आता परिस्थिती अशी. आई कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये असते, तिला गाडी चालवता येत नाही. भाऊ हैदराबादला. मी बाणेरला, माझ्याकडे बलेनो आहे आणि ऑफिसला तीच बरी पडते. ई-क्लास मी आठवड्यातून एकदा चालू करून एक चक्कर मारते. एका डीलरने घरी येऊन गाडी बघितली आणि सव्वाआठ लाख सांगितले. भाऊ म्हणतो, देऊन टाक. मला ठरवता येत नाही. भावना आहेतच, त्या नाकारत नाही. पण नुसत्या भावनेवर गाडी सांभाळता येत नाही हेही कळतं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बघितलं असतं?

खंबाटकी

ताई, वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं.

माझं मत सरळ सांगतो, ठेवा. सव्वाआठ लाखांत आज नवीन काय येतं? एखादी छोटी हॅचबॅक, फार तर छोटी सेदान. तुमच्या दारात २१४३ सीसीचं, २०४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन-मीटरचं इंजिन उभं आहे. साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट चढताना पायाखाली काय आहे ते कळतं. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला आत बसून हळू आवाजात बोलता येतं. आणि सुरक्षितता! भोवती एवढं भक्कम लोखंड असणं याला हायवेवर किंमत आहे. डीलर तुम्हाला सव्वाआठ देईल आणि पॉलिश मारून साडेदहा-अकराला लावेल. फाइलसकट एमएच १२ गाडी शोधून सापडत नाही, बाजारातल्या कितीतरी गाड्या दिल्लीहून आलेल्या असतात.

सुटेभाग

गाडी चांगली आहे यात वादच नाही, पण खंबाटकी, तुमची गाडी तुम्ही स्वतः चालवता आणि रविवारी बॉनेट उघडून बसता. ताईंचं तसं नाही.

माझं जर्मन गाड्यांचं छोटं वर्कशॉप आहे, कंपनीचं नाही. हे इंजिन, म्हणजे ओएम ६५१, मी पुष्कळ उघडलंय. मजबूत आहे, तेल वेळेवर आणि योग्य प्रतीचं घातलं तर लांब जातं. साडेसहा लिटर तेल लागतं आणि डब्यावर मर्सिडीजची २२९.५१ किंवा २२९.५२ ही मान्यता छापलेली हवी. पण या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे आतले भाग एका ताळ्यात फिरवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनच्या गाइड पट्ट्या झिजल्या तर काम मोठं होतं, कारण तिथपर्यंत हात पोचायलाच बरंच काही उतरवावं लागतं. म्हणून सांगतो, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना बॉनेट उघडं ठेवून कान द्या. सुरू झाल्या झाल्या धातूची खडखड येते का, आणि किती वेळ राहते?

दुसरं, गिअरबॉक्स. सात गिअरचा ऑटोमॅटिक असेल तर त्याचं तेल आणि फिल्टर कधी बदललं ते फाइलमध्ये बघा. साठ हजारांला व्हायला हवं. "हे तेल आयुष्यभराचं असतं" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. या गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आतच, तेलात असतं. ते गेलं तर नुसता पार्ट बदलून भागत नाही, गाडीच्या चोरीरोधक यंत्रणेशी जुळवून कोडिंग करावं लागतं.

तिसरं, खाली स्टीलच्या स्प्रिंगा आहेत की एअर सस्पेन्शन, ते खात्री करून घ्या. एअर असेल तर खर्चाचा आकडाच वेगळा.

आणि आठवड्यातून एक चक्कर म्हणजे किती? सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत येत असाल तर त्यापेक्षा बंद ठेवलेली बरी. इंजिन पूर्ण तापायला हवं. एकदा चांदणी चौकातून निघून तळेगावपर्यंत जाऊन या.

निळीछत्री

@सुटेभाग, चक्कर कोथरूड ते बाणेर आणि परत. तळेगावचं लक्षात ठेवते. गिअरबॉक्सचं तेल फाइलमध्ये सापडलं, २०२१ साली बदललंय. सस्पेन्शनचं विचारून सांगते.

कागदोपत्री

निळीछत्री, ठेवा-विका हा विषय जरा बाजूला ठेवा. आधी एक सांगा. आरटीओला कळवलंय का? आणि इन्शुरन्स कंपनीला?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५६ बघा. मालक गेल्यावर तीस दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी आपण वापरणार असल्याची सूचना दिली, तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने ती गाडी आपल्या नावावर झाल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायला टाकायचं. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, इन्शुरन्स. शिवाय बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात.

इन्शुरन्सचंही तसंच. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. त्यानंतर गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे विनाविमा चालवणं. तुमचे दोन महिने झालेत, म्हणजे हातात एकच आहे. या विषयात हयगय नको.

एक चांगली गोष्ट. वडिलांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, वाया जात नाही. पत्नी, मुलं किंवा आईवडील यांपैकी ज्यांच्याकडे गाडी जाते त्यांना तो मिळतो. ५० टक्क्यांवर पोचला असेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमचे अर्धे पैसे वाचतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, लेखी मागा.

निळीछत्री

आरटीओला भावाने महिन्याच्या आत अर्ज दिला होता, पोच आहे. इन्शुरन्सला फक्त फोनवर कळवलंय. उद्या लेखी देते. खूप आभार, ही तीन महिन्यांची गोष्ट डीलरने अजिबात सांगितली नव्हती. तो म्हणाला, "सह्या करून द्या, बाकी आमचा एजंट बघेल."

पेठवासी

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका!! कोणी कितीही ओळखीचा असो.

कागदोपत्री

पेठवासींना +१. कारण सांगतो. आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. गाडी मध्ये कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईला नोंदणीकृत मालकच उत्तरदायी धरला. डीलरने महिनोन्महिने गाडी कोणा पोराच्या हाती टेस्ट ड्राइव्हला दिली, तर त्याची झळ तुम्हाला.

१ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरसाठी वेगळी सोय झालीय. डीलरकडे आरटीओचं प्राधिकारपत्र असेल तर गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने पोर्टलवर देता येते आणि तिथून जबाबदारी त्याच्याकडे जाते. तेव्हा डीलरला पहिला प्रश्न हा विचारायचा, "तुमच्याकडे प्राधिकारपत्र आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पाजून निरोप द्या.

आता एक बारकावा. वडिलांच्या नावावरून थेट खरेदीदाराच्या नावावर गाडी जात नाही, आधी वारसाच्या नावावर येते. तो तिसरा मालक, खरेदीदार चौथा. घाईत भावाच्या नावावर केली आणि नंतर वाटलं की तुम्हीच ठेवावी, तर आणखी एक मालक वाढला. सेकंड हँड बाजारात मालकांचा आकडा बघून भाव पाडतात. म्हणून नाव कोणाचं लावायचं ते एकदाच ठरवा. आई सगळ्यांत सोयीच्या. ठेवली तरी त्यांची, विकली तरी सही त्यांची.

आणि वारस कोण कोण? आई, तुम्ही, भाऊ. तुमची आजी, म्हणजे वडिलांच्या आई, हयात आहेत का? हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, पत्नी यांच्याबरोबर आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते. लोक हे हमखास विसरतात.

निळीछत्री

आजी आहे. साताऱ्याला काकांकडे असते, नव्वदीला आली आहे. तिचं नाव खरंच आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लेक गेल्याच्या दुःखातून ती अजून सावरलेली नाही, तिच्यापुढे कागद न्यायचा म्हणजे... पण तिचा हक्क आहे आणि तो तिला सांगूनच पुढे जायला हवं. या शनिवारी साताऱ्याला जाते.

कागदोपत्री

जा. गाडी घेऊनच जा, तिचंही इंजिन तापेल. आजींना नीट समजावून सांगा. त्यांच्या वाट्याचं काय करायचं हे त्यांनाच विचारा, गृहीत धरू नका.

चाकण_दुसरीपाळी

मी चाकणच्या कारखान्यात काही वर्षं काम केलंय म्हणून एक आठवण. मर्सिडीज भारतात १९९४ला आली आणि १९९५पासून ई-क्लास पुण्यात जोडली जाऊ लागली, टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात. तो डब्ल्यू १२४ मॉडेलचा काळ. चाकणचा स्वतःचा कारखाना २००९चा. तुमच्या वडिलांची गाडी ज्या पिढीची आहे ती डब्ल्यू २१२ याच चाकणला जोडलेली. सुटे भाग बाहेरून यायचे, पण जोडणी, तपासणी, टेस्ट ट्रॅकवरची फेरी सगळं आपल्या पोरांच्या हातचं. त्या गाड्या लाइनवरून उतरताना बघितल्यात, त्यामुळे रस्त्यात एखादी दिसली की आजही मान वळते.

सल्ला एवढाच, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन दोन गोष्टी विचारा. काही रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने फुकट करून द्यायची दुरुस्ती) बाकी आहे का? आणि त्यांच्याकडच्या नोंदीत किलोमीटर किती दिसतात? वडिलांनी घेतली त्याच्या आधीचे आकडे तुमच्या फाइलशी जुळले, तर ती फाइल विकताना सोन्याची.

दूरदेशी

एक बाहेरचा प्रश्न. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांचा नियम आहे ना? पुण्यात २०१४च्या डिझेलचं काय? उद्या इकडेही आला तर गाडी भंगारातच.

कागदोपत्री

तो नियम दिल्ली आणि एनसीआरचा (दिल्लीच्या आसपासच्या भागाचा), हरित लवादाच्या आदेशातून आलेला. त्याची कारवाईही २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरीच सैल केली. पुण्याला लागू नाही. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही २०२९पर्यंत. मग तपासणी होऊन पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी गाडीला पाच हजार, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी वाढून दहा हजार झाली, पण तुमची गाडी तिथून लांब आहे.

पुढे काय नियम येतील ते मी सांगू शकत नाही. पण दिल्लीच्या नियमाचा परिणाम पुण्याच्या बाजारावर आजही आहे. तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि इकडच्या गाड्यांचा भाव खाली ओढतात.

हिशेबनीस

मी आकड्यांत बोलतो.

ताई, गाडी वर्षाला किती चालेल? तुमच्या लिहिण्यावरून चार हजार किलोमीटरपेक्षा जास्त दिसत नाही. विमा ३२ हजार धरू. त्यातलं थर्ड पार्टीचं (दुसऱ्याच्या नुकसानीचं) १५०० सीसीवरच्या गाडीला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी हे बांधील आहे, उरलेलं ओन डॅमेज. बाहेरच्या वर्कशॉपमधली वर्षाची सर्व्हिस ३५ हजार. टायरचा वर्षाला वाटा १२ हजार. बारा वर्षांच्या जर्मन गाडीत काही ना काही निघणारच, त्याला ६० हजार बाजूला. गाडीची किंमत वर्षाला ८०-९० हजारांनी उतरणार, ९० धरा. डिझेल शहरात ११ चं अॅव्हरेज आणि ९० रुपये भावाने साधारण ३३ हजार. झाले दोन लाख बासष्ट हजार. चार हजार किलोमीटरला भागा, किलोमीटरला ६५ रुपये.

हीच गाडी वर्षाला पंधरा हजार चालली, तर डिझेल वाढेल, टायर आणि सर्व्हिस थोडी वाढेल, पण विमा तोच आणि उतरणारी किंमत जवळपास तीच. हिशेब किलोमीटरला पंचवीसच्या आसपास येतो. म्हणजे खंबाटकी म्हणतात ते त्यांच्यासाठी शंभर टक्के खरं आहे. चालवणाऱ्याला ही गाडी स्वस्त आहे. उभी ठेवणाऱ्याला फार महाग आहे.

कराची काळजी नको. वारशाने गाडी मिळाली यावर कर नाही. स्वतःच्या वापरातली गाडी प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा करही नाही. गाडी फर्मच्या नावावर असती तर गोष्ट वेगळी होती.

आणि बाजाराबद्दल एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आणि सेस रद्द, त्यामुळे नव्या लक्झरी गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधी सेस धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जायचं. नवी स्वस्त झाली की जुनीला तेवढा भाव राहत नाही. "थांबू, भाव वाढेल" हा विचार या गाडीत नको.

खंबाटकी

हिशेबनीस, हिशेब मान्य. पण सगळं किलोमीटरला भागून चालतं का? त्यांच्या आईला वर्षातून दोनदा कोल्हापूरला अंबाबाईला जायचं असेल, तर त्या प्रवासाची सोय कशात मोजणार?

हिशेबनीस

कोथरूडहून ड्रायव्हरसकट चांगली मोठी गाडी भाड्याने घेऊन कोल्हापूर दोनदा काय, दहादा केलं तरी दोन लाख बासष्टात भरपूर पैसे उरतील. हे मी मन दुखवायला लिहीत नाही. माझ्या आईसाठी आम्ही हेच करतो.

पेठवासी

एक विचारू का? या सगळ्यात आईंना काय हवंय ते कुठेच आलेलं नाही. ताई तुमचं म्हणणं आलं, भावाचं आलं, डीलरचंसुद्धा आलं.

आमच्याकडे वडिलांची गाडी आम्ही भावंडांनी "आईला वाईट वाटेल" म्हणून बरीच वर्षं ठेवली. सदाशिव पेठेतला वाडा, पार्किंगचे हाल. उंदरांनी वायरी खाल्ल्या, बॅटरी दर पावसाळ्यात बसायची. शेवटी आई एकदा म्हणाली, "ती गाडी बघितली की मला हॉस्पिटलच आठवतं. तुम्ही ठेवलीत म्हणून मी काही बोलले नाही." शेवटचे सगळे फेरे त्याच गाडीतून झाले होते. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या आईंचं उलटंही असू शकेल. पण विचारा.

निळीछत्री

पेठवासी, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला आणि आईकडे गेले.

आईला मी सरळ विचारलं. ती आधी म्हणाली, तुम्ही ठरवा. मग थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी छान आहे गं, पण मला तिच्यातून उतरता येत नाही." तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. मागची सीट खाली आहे, दाराला धरून उठावं लागतं. बाबा प्रत्येक वेळी उतरून, फिरून येऊन तिला हात द्यायचे. "त्यांचा हात होता म्हणून चालायचं. तुझ्या त्या लहान गाडीत मी एकटी उतरते."

इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी ते बाबांचं प्रेम म्हणून बघत होते. ते होतंच. पण तिची अडचणही होती.

साताऱ्यालाही जाऊन आले. गाडी घेऊनच गेले, काकाही बसले. आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सुनेच्या नावावर करा. मला त्यातलं काही नको." काकांच्या समोर सही दिली, वकील सोबत होते. खंबाटकी, तुमच्या नावाचा घाट चढताना तुमचं म्हणणं मनापासून पटलं. काय चालते ती गाडी!

सुटेभाग

आईंचं बोलणं महत्त्वाचं आहे. मी सांगायचं राहिलेलं त्याला धरूनच एक. तुम्ही सुरुवातीला "जुना फ्लॅट" म्हणालात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का? कोथरूडमध्ये निम्म्या सोसायट्यांच्या मीटिंगा चालू आहेत म्हणून विचारतो.

निळीछत्री

हो! करारावर सह्या झाल्यात. दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. का?

सुटेभाग

नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग यांत्रिक आहे का ते बघा. गाडी एकावर एक चढवणारं. त्या प्लॅटफॉर्मला लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांची मर्यादा असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. तुमची गाडी जवळजवळ चार मीटर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर लांब आणि पावणेदोन टनांच्या आसपास आहे. माझ्याकडे येणारे लोक नव्या घरात राहायला गेल्यावर गाडी रस्त्यावर लावताना बघितलेत, कारण ती प्लॅटफॉर्मवर बसतच नाही. बांधकामाच्या काळात भाड्याच्या जागेत गाडी कुठे उभी राहणार, हा तर त्याच्या आधीचा प्रश्न.

बिल्डरच्या करारात पार्किंगचं माप लिहिलेलं असतं. आजच काढून वाचा. पुढे कुठलीही गाडी घेतलीत तरी उपयोगी पडेल.

निळीछत्री

करार बघितला. यांत्रिकच आहे, आणि दिलेल्या लांबीत ई-क्लास बसते न बसते अशी आहे. वजनाचा आकडा करारात नाहीच, बिल्डरला लेखी विचारलंय.

भावाशी काल सविस्तर बोलणं झालं. विकायची असं ठरलं आहे. मन शांत आहे, कारण आता ते फक्त पैशांसाठी नाही. गाडी आईच्या नावावर करायला फॉर्म ३१ टाकला. इन्शुरन्सला लेखी अर्ज गेला, बोनस ५० टक्के होता, तो आईला मिळेल असं त्यांनी मेलवर कळवलंय.

आता विकण्याबद्दल सांगा. डीलरला द्यावी की स्वतः गिऱ्हाईक शोधावं? आणि विकण्याआधी खर्च करावा का? सुटेभाग यांच्या सांगण्यावरून एका वर्कशॉपमध्ये पूर्ण तपासणी केली. इंजिन, चेन, गिअरबॉक्स उत्तम. सस्पेन्शन स्टीलचं आहे. पुढचे लोअर आर्म (चाक खालून धरून ठेवणारे दांडे) गेलेत, पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क संपत आल्यात, टायर २०१९चे आहेत.

सुटेभाग

२०१९चे टायर म्हणजे नक्षी कितीही शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं. पण विकायची ठरली असेल तर टायर घालू नका, घेणारा आपल्या आवडीचे घालेल. लोअर आर्म मात्र करून घ्या. टेस्ट ड्राइव्हला खड्ड्यात खट्ट वाजलं की समोरच्याच्या डोक्यात लाखाचा खर्च उभा राहतो, प्रत्यक्षात तो तेवढा नसतो. ब्रेकचं तुम्ही स्वतः अजून चालवणार असाल तर लगेच करा. तिथे काटकसर नको.

तपासणीचा अहवाल लपवू नका. जे करायचं बाकी आहे ते छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून सांगा. या गाडीचा खरा गिऱ्हाईक जाणकार असतो. त्याला अशा अहवालाने विश्वास येतो आणि घासाघीस थांबते.

खंबाटकी

ठरलं तर ठरलं. आईंच्या गुडघ्यांपुढे माझा घाट काहीच नाही. मी तुम्हाला ठेवा म्हणालो ते गाडीच्या प्रेमापोटी, आता त्याच प्रेमापोटी सांगतो, डीलरला सव्वाआठला देऊ नका. मर्सिडीजवाल्यांचे पुण्यात ग्रुप आहेत, रविवारी सकाळी भेटतात. तिथे फाइलसकट टाका. साडेनऊपासून बोला. तपासणीतली कामं सांगून नऊच्या आसपास जावी. घेणारा माणूस वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर चालवणारा बघा. माझ्या ओळखीत दोघे शोधात आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

निळीछत्री

व्यनि मिळाला, धन्यवाद. त्यातले एक सांगवीचे गृहस्थ गाडी बघून गेले. फाइल त्यांनी तासभर बसून पानपान वाचली. बाबांच्या अक्षरातल्या नोंदी बघून म्हणाले, "एवढं लिहून ठेवणाऱ्या माणसाची गाडी मी डोळे झाकून घेईन." तरी मीच त्यांना वर्कशॉपला घेऊन गेले. आठ लाख नव्वदवर बोलणं थांबलंय, बयाणा बँकेतून आलाय. आरसी आईच्या नावावर आली की व्यवहार पूर्ण करायचा. लोअर आर्म आणि ब्रेक आम्ही करून दिले.

कागदोपत्री, आता शेवटच्या दिवशी काय काय लक्षात ठेवू?

कागदोपत्री

नंबर प्लेट. २०१४ची गाडी म्हणजे एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) बसवलेली हवी, नाहीतर आरटीओतलं काम अडतं. वडिलांनी घेताना कर्ज काढलं असेल तर आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. जुनी ई-चलनं भरून टाका, पावत्या ठेवा.

पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, दुसरी किल्लीसुद्धा. फॉर्म २९ आणि ३० (विक्रीची सूचना आणि नाव बदलायचा अर्ज) संपूर्ण भरलेले, खरेदीदाराचं नाव-पत्ता लिहिलेले, आणि मगच आईंची सही. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, "या क्षणापासून जबाबदारी घेणाऱ्याची" असं वाक्य, दोघांच्या सह्या, त्यांच्या आधारची प्रत. विक्रीची सूचना आरटीओला चौदा दिवसांत द्यायची असते. त्यांच्या भरवशावर न राहता तुम्हीच पोर्टलवर टाका आणि संगम पुलाच्या ऑफिसमधून पोच घ्या. इन्शुरन्स त्यांच्या नावावर करायलाही त्यांना चौदाच दिवस असतात. आणि बोनस गाडीबरोबर जात नाही, तो आईंचा राहतो. विकल्याचा कागद दाखवून कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या. आईंच्या नावावर पुढे दुसरी गाडी घेतलीत, थोडी उंच सीटची, तर तिथे उपयोगी पडेल.

काचेवरचा फास्टॅग वडिलांच्या खात्याचा असणार. तो काढून टाका, बँकेला कळवून बंद करा, शिल्लक परत मागा. नाहीतर नवे मालक खेड शिवापूरला टोल भरतील आणि पैसे तुमच्या वडिलांच्या खात्यातून जातील.

निळीछत्री

फास्टॅगचं खरंच राहिलं असतं. लगेच करते. आणि उंच सीटच्या गाड्या कुठल्या बघाव्यात यासाठी वेगळा धागा काढते. आईला बरोबर नेऊन बसवून, उतरवूनच ठरवणार आहे.